बकुळा एंटरप्राइझेसनं मुलगा पाहिला

लग्नाचा मुलगा दोनदा बघायचा असतो. एकदा कांदेपोह्यांच्या वेळी, सगळ्यांच्या देखत, आणि त्याच्याआधी एकदा लपून. खरं बघणं म्हणजे हे लपूनचं. पोह्यांच्या वेळी काय, कुठलाही मुलगा इस्त्रीचा शर्ट घालून "मला साखर कमी चालते" असं म्हणतो. तो रस्त्यानं कसा चालतो, टॅक्सीवाल्याशी कुठल्या भाषेत भांडतो, पानवाला त्याला नावानं हाक मारतो का, हे पाहिल्याशिवाय मुलगी देऊ नये, अशी आमच्याकडची रीत. माझे सासरे मला बघायला आमच्या विमा ऑफिसात गिऱ्हाईक बनून आले होते. मी त्यांना "उद्या या" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा पुन्हा "उद्या या" म्हटलं. मुलगा शब्दाचा पक्का आहे, असा निष्कर्ष काढून त्यांनी बकुळाचा हात माझ्या हातात दिला.

आमच्या अनुजाला मात्र ही रीत मान्य नाही. गेल्या वर्षी एका मुलाला बघायला मी त्याच्या दादरच्या जिममध्ये चौकशीच्या निमित्तानं गेलो होतो. तिथल्या माणसानं मला बोलू न देता धावायच्या पट्ट्यावर चढवलं. मला खाली उतरवलं ते त्याच मुलानं, पाणी पाजलं त्यानंच, आणि घरी फोन करून अनुजाला "तुमचे वडील सापडले आहेत" असंही त्यानंच कळवलं. ते स्थळ पुढे गेलं नाही. अनुजानं त्या रात्री मला सांगून टाकलं, "बाबा, यापुढे कुणाला लपून बघायला घराबाहेर पाऊल टाकलंत, तर मी लग्नच करणार नाही. थट्टा नाही करत मी." तिचे डोळे पाहून मला ते खरं वाटलं. मी शपथ घेतली.

अशात रूपेश परबचं स्थळ आलं. आणलं आमच्या समोरच्या खोलीतल्या रमाबाईंनी. मुलगा त्यांच्या नात्यातला, राहायला मुलुंडला, गोदामं सांभाळायचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीत नोकरीला. अनुजा त्याच्याशी फोनवर बोलली आणि "येऊ देत रविवारी" म्हणाली. तिनं याआधी एवढं लांब वाक्य कुठल्याही मुलाबद्दल उच्चारलं नव्हतं, त्यामुळे बकुळा हरखली आणि मी सावध झालो. मध्यस्थावर विश्वास ठेवायचा नसतो. रमाबाईंनी तो मुलगा शेवटचा पाहिला तेव्हा तो रांगत होता, हे मी उलटतपासणीत काढून घेतलं होतं.

आता याला बघायचं कसं? त्याच्या कंपनीचं ऑफिस लोअर परळला, आमच्या डिलाईल रोडच्या गॅलरीतून मान तिरकी केली की दिसतं. अख्खी काचेची इमारत. मी गॅलरीत उभं राहून कितीतरी वेळ काच बघितली. गॅलरी घरातच मोडते, त्यामुळे शपथ शाबूत होती. मग रमाबाईंनी सांगितलं की तो ऑफिसला जातच नाही, घरूनच काम करतो. म्हणजे चालत नाही, भांडत नाही, पानवाल्याला माहीत नाही. असल्या मुलांमुळेच ही रीत बुडणार आहे.

पण देव आहे. कंपनीची वेबसाइट चाळताना मला त्याचाच फोटो दिसला. खाली लिहिलं होतं की श्री. रूपेश परब दर गुरुवारी दुपारी चार वाजता गोदाम व्यवस्थापनावर लाइव्ह प्रेझेंटेशन देतात. जगात कुणीही, कुठूनही, फुकट बघावं. आधीची सगळी प्रेझेंटेशनं रेकॉर्ड करून ठेवलेली आहेत, हवी तेव्हा बघावी. मी बकुळाला हाक मारली. "अगं, मुलगा मांडूनच ठेवलाय!" घराबाहेर पाऊल टाकायचं नव्हतं. लपायचंसुद्धा नव्हतं. माझ्या शपथेचा एवढा मान माझ्या हातून कधी राखला गेला नसेल.

फुकट म्हणजे लगेच असं मात्र नसतं. बघण्याआधी एक फॉर्म होता. नाव लिहिलं, फोन नंबर लिहिला. हुद्दा विचारला. निवृत्त हेड क्लार्क लिहिणार होतो, पण यादीत तो नव्हताच. होते ते डायरेक्टर, मॅनेजर आणि मालक. भाड्याच्या खोलीत जन्म गेलेल्या माणसानं मालक निवडलं. मग कंपनीचं नाव विचारलं. स्वयंपाकघरात बकुळा भांडी आपटत होती, म्हणून बकुळा एंटरप्राइझेस लिहिलं. मग ईमेल. माझा पत्ता त्या फॉर्मला पसंत पडेना. खासगी पत्ता चालणार नाही, संस्थेचा द्या, असं लाल अक्षरात यायला लागलं. मी चारदा लिहिला, चारदा लाल झाला. आमच्या विमा ऑफिसात आम्ही लोकांना परत पाठवायचो, पण निदान तोंडानं तरी बोलायचो.

संस्थेचा पत्ता अख्ख्या चाळीत एकाच माणसाकडे होता. लवूतात्या. हे आमच्या गावच्या मुंबई मंडळाचे अध्यक्ष. मंडळाची वेबसाइट आहे, तिच्यावर ग्रामदैवताचा फोटो आणि लवूतात्यांचे सहा फोटो आहेत, आणि मंडळाच्या ईमेलची किल्ली त्यांच्याचकडे असते.

"तुळशीदासा, ही मंडळाची मालमत्ता," लवूतात्या म्हणाले. "खाजगी कामाक वापरूची तर ठराव होयो. कोरम होयो."

"तात्या, मुलीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

"तर मग मी जातीनं हजर ऱ्हवतंय. निरीक्षक म्हणान."

निरीक्षक आले म्हणताना रमाबाईही आल्या. "माझ्या नातलगाला बघताय, तर माझ्यासमोर बघा," असं त्यांचं म्हणणं. येताना सोलायला भिजवलेल्या वालांची परात घेऊन आल्या, म्हणजे कितीही वेळ बसायची तयारी. अनुजा ऑफिसला गेली होती. तिचा जुना लॅपटॉप मी वायरनं टीव्हीला जोडला, बकुळानं नवी साडी नेसली. मी म्हटलं, अगं, तो आपल्याला बघणार नाहीये. ती म्हणाली, "म्हणून काय गबाळ्यासारखं बसायचं?"

तर असा रेकॉर्ड केलेला मुलगा सुरू झाला.

पहिली अडचण अशी की पडद्यावर मुलगा नव्हताच. भलीमोठी स्लाइड होती. तिच्यावर गोदाम, बाण आणि इंग्रजी. मुलगा वर कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. स्लाइड लहान आणि मुलगा मोठा करायची काहीतरी सोय असेल म्हणून मी बटणं दाबत गेलो, तर स्लाइड आणखी मोठी झाली. शेवटी लवूतात्या टीव्हीला नाक लावून उभे राहिले आणि बाकीच्यांना तोंडी वर्णन सांगू लागले.

"गोरो आसा. चष्मो आसा. मागे मोठा घर, समुद्र दिसता."

"मुलुंडला समुद्र?" बकुळा म्हणाली.

"ते खोटं चित्र असतं मागे," मी जाणकारीनं सांगितलं. तेवढ्यात त्या मुलानं मान वळवली आणि त्याचा डावा कान समुद्रात गेला.

"अगो बाय! कान नाय त्याला!" रमाबाईंच्या हातातला वाल उडाला. पुढे मान सरळ झाली, कान परत आला, उजवा गेला. कान एकूण दोन आहेत पण एका वेळी एकच असतो, यावर एकमत व्हायला बराच वेळ गेला.

दुसरी अडचण आवाजाची. मुलगा "हॅलो एव्हरीवन" असा गरजला की गॅलरीतून जाणारी माणसं डोकावायला लागली. बकुळा दबक्या आवाजात म्हणाली, "अहो, अर्धा करा, अर्धा!" मी घाईघाईनं एका चक्राच्या खुणेवर बोट ठेवलं, आकड्यांची यादी उघडली, त्यात शून्य पूर्णांक पाच दिसलं. अर्धा म्हणजे तोच. दाबला. आवाज खरोखरच खाली आला. जाड आणि भारदस्त झाला. मी बकुळाकडे विजयी नजरेनं पाहिलं.

आणि मग आम्ही चौघांनी त्या मुलाला शेवटपर्यंत नीट ऐकलं. "सोऽऽ... टुऽऽडे... वीऽऽ विल..." एकेक शब्द तोंडातून ओढून काढावा तसा निघत होता. जीभ जड. पापण्या मिटायच्या त्या उघडायचं नावच घेत नव्हत्या. हात उचलला की हवेत तरंगत तरंगत खाली यायचा. मध्येच हसला, तर हसू असं पसरत गेलं की बकुळानं पदर तोंडाला लावला.

शेवटी लवूतात्या टीव्हीपासून मागे सरकले.

"झील पियालेलो आसा." मुलगा प्यायलेला आहे, हा अध्यक्षांचा निकाल.

"काहीतरीच काय!" रमाबाई ओरडल्या. "आमच्यात कोणी थेंबाला शिवत नाय."

"माका सांगतास? मी मंडळाचो अध्यक्ष. शिमग्याक किती जणांका उचलून घराक नेलंय. ह्यो चांगलो भरलेलो आसा. आणि दिवसाढवळ्या, नोकरीवर!"

ते बघून मलाही दुसरं काही म्हणवेना. बकुळा रडायला लागली. पोरीनं पहिल्यांदा कुणाला "येऊ देत" म्हटलं आणि तो असा निघाला. मी तिला म्हटलं, बरं झालं आधीच बघितलं, रीत ती उगाच नसते. पण मलाही आतून वाईट वाटत होतं, खोटं कशाला सांगू. रमाबाईंनी परात उचलली. "त्याचे आईवडील गावाला गेलेत, गुरुवारी संध्याकाळी परतले की कळवते मी त्यांना, रविवारी येऊ नका म्हणून. माझ्या तोंडाला काळं ते फासलंच."

अनुजाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. तिनं ताट वाढून घेतलं होतं.

"रविवारचं रद्द केलंय," मी म्हटलं.

"का?"

"मुलगा पितो."

"कोण म्हणालं?"

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"बाबा, तुम्ही कुठे गेला होता बघायला?"

"तुझी शपथ, घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही." यातला शब्दन् शब्द खरा होता, आणि तरी तो उच्चारताना मला चोरट्यासारखं झालं. तिनं ताट तसंच झाकून ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. भांडली असती तर बरं वाटलं असतं.

दोन दिवस घरात बोलणं फक्त गॅस सिलिंडरपुरतं झालं. आणि बुधवारी सकाळी मला फोन आला.

"तुळशीदास सर? मी आकांक्षा बोलते. बकुळा एंटरप्राइझेसचे ओनर आपणच ना?"

मी "हो" म्हटलं. मालकाच्या आवाजात.

"सर, आपण आमचं सेशन पूर्ण बघितलंत, थँक यू! फार कमी लोक शेवटपर्यंत बघतात. एक फीडबॅक हवा होता. आमचे प्रेझेंटर जरा फास्ट बोलतात का?"

"फास्ट? छे! उलट..." मी जीभ चावली.

"नाही, म्हणजे इथे दिसतंय की तुम्ही जवळजवळ सगळं सेशन हाफ स्पीडवर बघितलंत, म्हणून विचारलं."

"हाफ स्पीड म्हणजे?"

"म्हणजे ते बोलतात त्याच्या निम्म्या वेगानं, सर. कितीदा थांबवलंत, कुठल्या स्लाइडवर रेंगाळलात, सगळं येतं आमच्याकडे."

तो प्यायला नव्हता! मी त्याला निम्म्या वेगानं चालवला होता. आणि आम्ही चौघं ज्याला चोरून बघत होतो, त्याचीच कंपनी आम्हाला चोरून बघत होती. सासऱ्यांच्या वेळी निदान ऑफिसनं त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं.

बकुळाला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग रडली, आणि मग मला जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. लवूतात्या मात्र ऐकेनात. अध्यक्षानं दिलेला निकाल असा फिरत नसतो. "मशीन कायव दाखवता. माका जिवंत झील दाखव." रमाबाईही म्हणाल्या की स्वतःच्या डोळ्यांनी नीट बघेन, तरच कळवायचं थांबवेन. गुरुवार दुसऱ्याच दिवशी होता. चार वाजता मुलगा लाइव्ह येणार, त्यानंतर रमाबाईंचा फोन जाणार. अनुजाचं जे काही होतं नव्हतं ते त्या मधल्या वेळात होतं.

गुरुवारी चारला पुन्हा तीच मंडळी. बकुळा त्याच साडीत, रमाबाई वालांसकट, लवूतात्या मात्र उकाड्यामुळे बनियनवर. मुलगा आला. जिवंत, स्वच्छ बोलणारा, दोन्ही कान जागेवर, कारण आज त्यानं मागचा समुद्र काढला होता. मागे साधी भिंत आणि तिच्यावर वाळत घातलेला टॉवेल. बकुळाचा जीव त्या टॉवेलनंच अर्धा भांड्यात पडला. "नीट पिळून घातलाय बघा," ती कौतुकानं म्हणाली. गोदामात कुठली वस्तू कुठे ठेवावी हे तो इतकं मन लावून सांगत होता की रमाबाईंनी माळ्यावरच्या गाद्यांचं काय करावं ते याला विचारा, असा आग्रह धरला.

"आधी नमस्कार तरी कर त्येका," लवूतात्या म्हणाले.

खाली पिवळ्या हाताची एक खूण होती. हात म्हणजे नमस्कार. मी दाबली. लगेच आकांक्षाचा आवाज आला, "अरे वा, बकुळा एंटरप्राइझेसच्या सरांनी हात वर केलाय! सर, आपल्याला स्टेजवर घेते." समोर एक चौकट आली, परवानगी मागत होती. तोवर मला परवानग्या द्यायची इतकी सवय झाली होती की ती कशाची मागतेय ते मी वाचलंच नाही.

टीव्हीवर आमची खोली आली.

खोली, पलंगाखालच्या पाण्याच्या बॅरलसकट. वाल सोलणाऱ्या रमाबाई. बनियनवर छाती काढून उभे लवूतात्या. नव्या साडीत बकुळा, आणि मध्ये मी, तोंड उघडं टाकून. देशभरातले गोदामवाले हे बघत होते.

"वेलकम सर," रूपेश म्हणाला. त्याची थोडी भंबेरी उडाली होती, पण मुलगा धीराचा. "आपलं वेअरहाऊस किती स्क्वेअर फूट आहे?"

"एकशे ऐंशी," मी म्हटलं. खोटं बोलायला वेळच मिळाला नाही.

"ओके. आणि माल किती प्रकारचा?"

"सगळ्याच प्रकारचा," बकुळा पुढे सरसावली. "माळ्यावरचं तर विचारूच नका."

"अहो परब," लवूतात्यांनी मला बाजूला सारलं, "ता ऱ्हवांदेत. तुम्ही घेतास काय?"

"सर?"

"सांजचा. घेतास काय?"

रूपेश पुढे वाकून आमच्या खोलीकडे निरखून बघायला लागला. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर ओळख उमटायला लागली. अनुजा त्याच्याशी याच खोलीतून व्हिडिओ कॉलवर बोलायची, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"नाही घेत, काका," तो म्हणाला. मग घसा साफ केला. "हे... अनुजाचं घर आहे का?"

मी वायर उपटायला वाकलो. तेवढ्यात आकांक्षाचा आवाज आला, "रूपेश, आणखी एक हात वर आलाय. नेहमीच्या आहेत. अनुजा." आणि तिसरी चौकट उघडली. तिच्यात माझी मुलगी होती, ऑफिसच्या कॉफी मशीनशेजारी, कानात वायरी घालून. नेहमीच्या! ती दर गुरुवारी चारला तिथे उभी राहून गोदामांवरचं प्रेझेंटेशन बघत होती. आणि गोदामांशी तर तिचा काडीचाही संबंध नाही.

"बाबा!"

"मी घरातच आहे," मी म्हटलं.

"दिसतंय. सगळ्यांना दिसतंय." तिचा आवाज कापत होता, रागानं की रडूनं ते मला कळेना. मग ती त्याच्याकडे वळली. "रूपेश, रविवारचं यांनी रद्द केलंय. मी नाही. तीन दिवस तुला सांगायचा धीर झाला नाही."

"रद्द? आम्हाला कुणी काही कळवलं नाही," तो म्हणाला. रमाबाई परातीआड गेल्या. त्यानं स्लाइड बंद केली. गोदाम गेलं, बाण गेले, आणि पडद्यावर तो पहिल्यांदा माणसाएवढा झाला. "काका, मी येऊ का रविवारी? जे असेल ते इथेच सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. निर्णय द्यायची मला सवय आहे. तोंड उघडलं, आणि पडद्यावर त्याच्या शेजारच्या चौकटीत अनुजाचा चेहरा दिसला. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्याच्याकडे बघत होती, ओठ आवळून, श्वास धरून, लहानपणी निकालाच्या दिवशी उभी राहायची तशी. या मुलाला मी तासन् तास डोळे फाडून पाहिलं होतं. त्याचं नाव निघाल्यावर माझ्या मुलीच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मात्र मी एकदाही पाहिलं नव्हतं. मला स्वतःचीच लाज वाटली.

"मला काय विचारतोस?" मी म्हटलं. आवाज मालकाचा काही निघाला नाही. "अनु, तुला पसंत आहे का?"

एवढी स्थळं झाली, एवढे पोहे झाले, आणि हा प्रश्न या घरात पहिल्यांदा विचारला जात होता. तोही आकांक्षा आणि देशभरातल्या गोदामवाल्यांसमोर.

"हो, बाबा," ती म्हणाली. "कधीपासून."

पडद्याच्या खालून अनोळखी माणसांचे अंगठे आणि टाळ्या वर तरंगायला लागल्या. बकुळानं मला कॅमेऱ्यासमोर डोळे पुसू नका म्हणून चिमटा काढला आणि स्वतः पदर डोळ्यांना लावून रूपेशला विचारलं की रविवारी जेवायला किती जण येताय.